बिनवासाचं पाणी

बाटली नाकाशी नेली आणि काहीच आलं नाही. आफ्के तेर्पस्त्राला आधी वाटलं, झाकण नीट निघालेलं नाही. तिने खाली पाहिलं. झाकण तिच्या डाव्या हातात होतं. तिने पुन्हा श्वास ओढला, या वेळी सावकाश, डोळे मिटून, ती नव्या मुलांना शिकवायची तसा. आत गेली ती नुसती हवा, दालनातली कोमट, कोरडी हवा. तिच्या पुढच्या माणसाने हीच बाटली हुंगून मान झटकली होती, त्याच्या पुढची बाई हसत दोन पावलं मागे सरकली होती. टेबलामागे फिनलंडची पिर्को उभी होती, लाल चौकटीचा चष्मा कपाळावर चढवून. पाण्याच्या शुद्धीकरणात जे सूक्ष्मजीव कामाला येतात किंवा आड येतात त्यांच्यावरची ही परिषद दर दोन वर्षांनी कुठे ना कुठे भरे, आणि पिर्को दर वेळी आपल्या संशोधनाच्या तक्त्यापुढे असा काहीतरी खेळ मांडी. यंदा चार तपकिरी बाटल्या होत्या. "तुला काय विचारायचं," पिर्को म्हणाली, "तुला तर झाकण उघडायच्या आधीच कळतं." रांगेतले दोघेतिघे आफ्केकडे वळून पाहू लागले. "बीट," आफ्के म्हणाली. "ओलं तळघर. बटाट्याचं जुनं पोतं." पिर्कोने मान डोलावली. उत्तर बरोबर होतं. ते आफ्केने मागे सरकलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून अंदाजाने काढलं होतं.

मातीचा तो वास कशाचा, तो कोणते जीव सोडतात, नळीच्या कोणत्या कोपऱ्यात ते घर करतात, हे जगात ज्यांना ठाऊक होतं त्यांत आफ्के होती. पोहण्याच्या मोठ्या तलावात तो पदार्थ कणभर मिसळला तरी माणसाचं नाक ओळखतं, हे वाक्य तिने इतक्या व्याख्यानांत म्हटलं होतं की आता ते तिच्याआधी तोंडातून निघे. तिच्या देशात पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालत नाहीत. पाणी इतकं स्वच्छ द्यायचं की औषधाची गरजच पडू नये, हा साऱ्या देशाचा अभिमान; आणि औषध नाही म्हटल्यावर वास झाकायलाही काही नाही. म्हणून तिच्या पाणीपुरवठा कंपनीच्या प्रयोगशाळेत दर मंगळवारी सहा माणसं एका लांब टेबलाशी बसत, कोमट केलेले नमुने हुंगत आणि वास किती तीव्र त्याचा आकडा सांगत. नमुना महागड्या यंत्राकडे पाठवायचा की नाही, हे आधी ती सहा नाकं ठरवत. त्यांत मुख्य नाक आफ्केचं. यंदाची परिषद तिच्याच लेवार्डन शहरात भरवायचं ठरलं, तेही थोडंफार तिच्यामुळेच. उद्या सकाळी तिचं भाषण होतं, आणि विषय होता वास.

सर्दी असेल, असं म्हणत ती प्रसाधनगृहात गेली. सर्दी नव्हती. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होत्या, उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यासारखी हवा त्यांतून आतबाहेर करत होती. तिने हात धुवायचा साबण तळव्यावर घेऊन हुंगला. मग जंतुनाशकाची बाटली. त्याने नाक चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि क्षणभर तिला इतकं हायसं वाटलं की ती आरशापुढे वाकून उभी राहिली. पण चुरचुरणं म्हणजे वास नव्हे. ती वेगळी नस असते, वेगळ्या वाटेने जाते. तेही ती शिकवत असे. तिने पर्समधून संत्रं काढलं, साल नखाने खरवडून नाकाला लावली. साल थंड होती, ओलसर होती, तिच्यातलं तेल बोटाला चिकटलं. त्या क्षणी तिला गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी, न बोलावता, एकामागून एक आठवू लागल्या: उपाहारगृहातल्या सूपला हल्ली चव नसते अशी तिची रोजची तक्रार, प्रत्येक गोष्टीवर मोहरीची चटणी ओतायची लागलेली सवय, कॉफी नुसती कडू आणि गरम, नवी धुण्याची पावडर कसल्या कामाची नाही म्हणून बदललेली, आणि बदललेलीही कसल्या कामाची नाही. हे सगळं तिने एकेकटं पाहिलं होतं. एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. एखाद्या नमुन्यात इतके दाखले समोर आले असते तर तिने दुसऱ्या मिनिटाला निदान केलं असतं.

वास जायला कारणं पुष्कळ असतात. विषाणू, वय, नाकातली एखादी गाठ. ती यादी मनात म्हणत होती आणि तिला ठाऊक होतं की यादीच्या टोकाला हाइत बसलेला आहे. तिच्या फ्रीसलंड प्रांतात बापाला हाइत म्हणतात, आईला मेम. हाइत स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसला आहे, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर पातेल्यातलं दूध उतू जाऊन, आटून, जळून काळं झालं आहे. खोलीत धूर. मेम कपडे वाळत घालायला गेली होती ती धावत आत आली, "अरे बाबा, झोपलास की मेलास?" आणि हाइतने पेपरावरून मान वर केली, धुराकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आलं ते आफ्केने नंतर कधीच कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. आश्चर्य नव्हतं ते. पकडला गेलेला माणूस असा दिसतो. ती आणि तिचा भाऊ मेंडर्ट यांना त्यातून एक खेळच सापडला. हाइत जेवायला बसला की त्याच्या पाठीमागून कांद्याची फोड त्याच्या नाकाखाली न्यायची, त्याला न कळलं की टेबलाखाली शिरून हसायचं. एकदा हाइतने मेंडर्टचं मनगट धरलं. मुलं घाबरली. तो हसला, कांद्याची फोड तोंडात टाकली, चावली, आणि गोठ्याकडे गेला. त्यानंतर काही वर्षांनी त्याचा अंगठा तर्जनीवर घासू लागला, आपोआप, तपकिरीची चिमूट चोळावी तसा, मग हात, मग पाय उंबऱ्यापाशी अडू लागले. कंपवात हा शब्द त्या घरात फार उशिरा आला. डॉक्टर म्हणाले, कधीकधी पहिल्यांदा नाक जातं, बाकीचं सावकाश येतं. आरशात आफ्केने आपला उजवा हात पाहिला. तो बेसिनच्या काठावर अगदी स्थिर होता. तिने तो उचलून हवेत धरला. कुणीतरी आत आलं तेव्हा ती हात पुसू लागली.

दुपारच्या सत्रात ती मागच्या रांगेत बसली. व्यासपीठावर पोर्तुगालचा दुआर्ते नावाचा तरुण संशोधक बोलत होता, वाळूच्या गाळणीतल्या जीवांच्या वस्तीबद्दल. पडद्यावर रंगीत पट्टे होते. वस्तीतली एखादी जात नाहीशी झाली, तो सांगत होता, तरी गाळणी चालतच राहते. तिचं काम शेजारच्या जाती उचलतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात काही फरक दिसत नाही, आणि म्हणून कितीतरी काळ कुणाला कळतच नाही की कोणी गेलं आहे. आफ्के सवयीने मान हलवत होती. हे तिला नवीन नव्हतं, ही बाब तिच्या आवडीची होती. मग तिची मान थांबली. दोन रांगा पुढे योरित बसला होता, तिच्या प्रयोगशाळेतला तिच्या हाताखालचा माणूस, नोकरीला लागला तेव्हा कोवळा, आता कपाळावरचे केस विरळ झालेला. तो पडद्याकडे पाहत नव्हता. तो मान वळवून तिच्याकडे पाहत होता. नजरानजर होताच त्याने खिशात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

तिला वीआर्दा बाई आठवल्या. वसंतात, समुद्राच्या बांधाजवळच्या एका गावातून तक्रार आली होती आणि आफ्के स्वतः गेली होती, कारण तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी फोनवर कुणाला तरी रडकुंडीला आणलं होतं. बांध, मेंढ्या, आडवा वारा. गल्लीच्या टोकाचं घर. बाई काठी घेऊन दारातच उभ्या. "तू साहेबीण का? ये. बूट काढ." स्वयंपाकघरात त्यांनी नळ सोडला, पेला भरला आणि तिच्या पुढ्यात आपटला. आफ्केने पेला तळव्यात धरून गरम केला, वर हात झाकला, हलवला, हुंगला. काही नव्हतं. एक घोट घेतला. काही नव्हतं. "पाणी उत्तम आहे, बाई." वीआर्दा बाई काठीवर वाकल्या. "पोरी, माझा नवरा मेला तेव्हा त्याची खोली वर्षभर बंद होती. ती उघडल्यावर जसं आलं ना, तसं हे पाणी लागतं." आफ्केने मऊ आवाजात समजावलं: एकट्या माणसाला कधीकधी असे भास होतात, वयाने जिभेची चव बदलते, त्यात काही वावगं नाही. काय बोललो होतो आपण. तिने ते वाक्य बाईंच्या स्वयंपाकघरात, बाईंच्या खुर्चीत बसून, चेहऱ्यावर हसू ठेवून म्हटलं होतं, आणि परतीच्या वाटेवर गाडीत तिला बरंच वाटत होतं की आपण म्हाताऱ्या माणसाशी किती नीट वागलो. वीआर्दा बाईंनी पेला उचलून पाणी मोरीत ओतलं होतं.

दुआर्तेसाठी टाळ्या वाजल्या. लोक उठले. आफ्केने योरितला दाराशी गाठलं आणि म्हणाली, "बाहेर चल." इमारतीमागे कालव्याचा धक्का होता, थंडीसाठी ताडपत्र्या बांधून ठेवलेल्या होड्या, पाण्यावर बदकं. वारा असा होता की बोलताना तोंड वळवावं लागे. योरितने कोटाची कॉलर वर केली.

"वसंतात मी वीआर्दा बाईंकडे गेले होते," ती म्हणाली. "त्यानंतर तू गेलास?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मी विचारतेय."

"गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी."

"आणि?"

"नळ सोडला आणि बीटच. पेला नाकाशी न्यायचीसुद्धा गरज नव्हती." त्याने घसा साफ केला. "गल्लीच्या टोकाला जुनी नळी आहे ना, पुढची घरं पाडल्यापासून तिच्यात पाणी नुसतं साचून राहत होतं. ती तोडून बंद केली. बाकीची धुऊन काढली. आठवड्याभरात सगळं ठीक झालं. बाईंना मी पुन्हा भेटून आलो."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्या साहेबिणीला सर्दी झाली असेल."

आफ्के हसली नाही. "म्हणजे तुला आधीच संशय होता. म्हणून माझ्यामागे गेलास."

"हो."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

एक बदक पाण्यात डोकं घालून उलटं झालं, बराच वेळ तसंच राहिलं. आफ्केला वाटलं, पुढचा प्रश्न आपण विचारू नये. "बाकीच्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना. मंगळवारी तुझा आकडा आम्ही धरत नाही. तू सांगतेस, आम्ही लिहितो, मग बाजूला ठेवतो. तू शेवटी हुंगावंस म्हणून बसायची जागा बदलली. तुला वाटलं खिडकीच्या वाऱ्यामुळे."

खिडकीच्या वाऱ्यामुळे. तिला ते स्पष्ट आठवलं: योरित म्हणाला होता, इथे झोत येतो, तू पलीकडे बस, आणि तिने त्याचे आभार मानले होते. प्रत्येक मंगळवारी ती त्या टोकाच्या खुर्चीत बसत आली होती, डोळे मिटून श्वास घेत आली होती, थोडं थांबून, मोठ्या गांभीर्याने, 'शून्य' म्हणत आली होती, आणि पाच माणसं तिच्याकडे पाहत असणार. काय पाहत असतील ती? ओठ दाबून धरलेले असतील? की कुणी खिडकीबाहेर बघत असेल, घरात आजारी माणूस कण्हला की बाकीचे बघतात तसं? आपण टेबलाखाली शिरून हसायचो. निदान हसायचो तरी.

"तुम्ही मला वेड्यासारखं नाचवलंत," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "वर्षभर. माझं शरीर आहे हे, योरित. मला सोडून सगळ्यांना ठाऊक."

"कुणी सांगायचं होतं?"

"तू."

"मला वास ओळखायला तू शिकवलंस. पहिल्या दिवशी मला पाणी आणि पाणी यांत फरक कळत नव्हता. मी तुला काय सांगू, की तुझं..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मी किती वेळा तुझ्या दारापर्यंत आलो."

"मी ओरडेन असं वाटलं?"

"ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू ऐकून घेतलं असतंस. नेहमीसारखं, मान हलवून. आणि मग दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असतास." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. वाऱ्याने त्याचे डोळे लाल झाले होते. "पाणी कुठे बिघडलं नाही, आफ्के. एवढं आम्ही पाहिलं. एकही घर नाही."

"म्हणून मी आभार मानू?"

"नको."

ती त्याला तिथेच सोडून निघाली. परिषदेच्या जेवणाला न जाता तिने सायकल काढली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, मेम राहत होती त्या वृद्धांच्या सदनिकांकडे गेली. अंधार चार-साडेचारलाच पडला होता. वाटेत बेकरी लागली, उघड्या दारातून उजेड आणि ऊब रस्त्यावर सांडली होती, लोक आत शिरताना क्षणभर थबकत, नाकाने. तिच्यासाठी तो नुसता उजेड होता. तिला एकाएकी जाणवलं की काही महिन्यांपासून ती काचेपलीकडच्या शहरात राहते आहे, आणि काच इतकी स्वच्छ की हात लावेपर्यंत दिसू नये. असं कसं झालं की आपल्याला उणीव भासली नाही? हात तुटला तर कळतं. डोळा गेला तर कळतं. वास गेला तर जग नुसतं थोडं कंटाळवाणं होतं, आणि कंटाळवाणं तर ते या वयात होतंच.

मेमने वाटाण्याचं घट्ट सूप केलं होतं, शेजारी काळी पावरोटी. आफ्केने न विचारता मोहरीची बाटली घेतली आणि सूपात दोनदा पिळली. मेम पाहत होती. म्हातारीचे डोळे आता बारीक झाले होते, पण त्यांतून काही सुटत नसे.

"उद्या तुझं भाषण ना?"

"हो."

"मग अशी का बसलीस, गाय विकून आल्यासारखी?"

आफ्केने चमचा खाली ठेवला. "मेम, हाइतला वास येत नाही हे तुला केव्हा कळलं? दूध जळलं तेव्हा?"

मेमने पावरोटीचा तुकडा मोडला, तसाच हातात ठेवला. "त्याच्या कितीतरी आधी. गोठ्यातून यायचा, बूट पुसायचा नाही आणि आत यायचा. आधी कधी असं करत नसे. मग मी एकदा मुद्दाम आंबलेलं ताक त्याच्या पुढ्यात ठेवलं. प्यायला बिचारा."

"तू त्याला विचारलं नाहीस?"

"तो बोलत नव्हता म्हणून मी बोलले नाही. त्याला वाटायचं मला ठाऊक नाही. एका पलंगावर निजून दोघंही एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो. तो गेल्यावर वाटलं, काय मिळवलं? माणूस एकटा पडला, दुसरं काय." तिने हातातला तुकडा सूपात बुडवला. "तुलाही येत नाही ना?"

आफ्केने मोहरीची बाटली बाजूला सरकवली.

"ईस्टरला तू आलीस तेव्हा त्या कोपऱ्यातल्या हायसिंथचं पाणी सडलं होतं. घरात पाय ठेववत नव्हता, मी काढायला विसरले होते. तू त्याच्या शेजारी दुपारभर बसलीस आणि म्हणालीस, किती छान फुललीत." मेमने हात लांब केला, पण टेबल रुंद होतं, हात मध्येच राहिला. "मी तेव्हाही बोलले नाही. बघ. अक्कल म्हणून येत नाही माणसाला."

तेव्हा आफ्केला टाकी आठवली. पहाटेचं दूध थंड करायची मोठी पोलादी टाकी, तिचं जड झाकण, ते दोन्ही हातांनी उचलणारा हाइत. तो तिला उठवायचा, एकटीला, मेंडर्टला नाही. स्वेटर चढवून ती त्याच्यामागे अंगणातून जायची. डेअरीची गाडी येण्याआधी तो झाकण उचलून धरायचा आणि म्हणायचा, "बघ गं, काय म्हणतं दूध?" ती वाकायची. गोड. गवत. कधी रानकांदा, कधी चाऱ्याचा आंबूस वास. ती सांगायची ते तो मन लावून ऐकायचा, आणि रानकांदा म्हटलं की दुसऱ्या दिवशी गायी दुसऱ्या कुरणात असायच्या. गाडीवाल्याने त्यांचं दूध कधी परत पाठवलं नाही. आपल्याला हा खेळ वाटायचा. आपण हुशार आहोत म्हणून हाइत विचारतो असं वाटायचं. शाळेत, विद्यापीठात, पुढे सगळीकडे ते तसंच वाटत राहिलं, त्यावरच सगळं उभं केलं. आता म्हातारीच्या स्वयंपाकघरात तिला कळलं की तो खरोखरच विचारत होता. बायकोला सांगू शकला नाही, गाडीवाल्याला सांगू शकला नाही, आणि एका पोरीपुढे रोज पहाटे झाकण उचलून धरत होता. तिने सूप संपवलं. गरम होतं, दाट होतं, जिभेवर मोहरी चावत होती. मेमने आणखी वाढलं तेव्हा ती नको म्हणाली नाही.

सकाळी सभागृह भरलं होतं. योरित पहिल्या रांगेत कडेला बसला होता, दाढी न केलेला. आफ्केने भाषण ठरल्याप्रमाणे दिलं. आलेख आले, गेले. पोहण्याच्या तलावाचं वाक्य तोंडातून निघालं आणि लोक नेहमीच्या ठिकाणी हसले. मंगळवारच्या बैठकीचं छायाचित्र पडद्यावर आलं तेव्हा तिला स्वतःची पाठ दिसली, टोकाच्या खुर्चीत, ताठ. भाषणभर तिला अंगात कुठेतरी एक बारीक थरथर जाणवत होती, आणि ती भीतीची आहे की दुसरी कसली, हे ओळखायला काही साधन नव्हतं. भाषण संपलं. सांगायचं की नाही, तिने काहीच ठरवलं नव्हतं. रात्री तिने दोन वेळा काही वाक्यं जुळवली होती आणि दोन्ही वेळा ती तिला नाटकी वाटली होती.

दुआर्तेने हात वर केला. "साधाच प्रश्न आहे," तो म्हणाला. "यंत्राची अचूकता तुम्ही वेळोवेळी तपासता. या सहा माणसांची कशी तपासता? विशेषतः मुख्य नाकाची?"

योरितने मान खाली घातली. आफ्केला त्याच्या डोक्यावरची विरळ जागा दिसली, आणि कसं कोण जाणे, तिचा कालचा राग तिथे अडखळला.

"तपासत नव्हतो," ती म्हणाली. "मुख्य नाक माझं होतं. ते गेलेलं आहे. मला वास येत नाही." तिने योरितकडे पाहिलं. "माझ्या सहकाऱ्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी माझं काम आपसांत वाटून घेतलं आणि इतकं व्यवस्थित केलं, की पाण्यात फरक पडला नाही आणि मलाही कळलं नाही. मला काल दुपारी कळलं. मधल्या काळात एका गावातल्या बाईंनी मला सांगितलं होतं की पाण्याला वास येतो. मी त्यांना म्हणाले, तुम्हाला भास होतो. त्या बरोबर होत्या."

दुआर्ते पेन हातात धरून उभाच होता. "म्हणजे," तो चाचरत म्हणाला, "माझ्या प्रश्नाचं उत्तर..."

"अजून तपासत नाही, असं आहे. ते शोधायला हवं. काम चालतंय म्हणून सगळे जागेवर आहेत असं समजू नये, एवढं मी सांगू शकते. तुम्हीही काल तेच सांगत होतात."

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, आभार मानले, कॉफी बाहेर ठेवली आहे असं सांगितलं. टाळ्या वाजल्या त्या नेहमीइतक्याच. लोक उठले, पिशव्या उचलल्या, कुणी तिच्याकडे पाहून मान लववली, कुणी मुद्दाम पाहिलं नाही. पिर्को खुर्च्यांमधून वाट काढत आली, तिचा दंड दाबून पुढे गेली. आफ्केला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. खुर्च्या सरकल्याचा आवाज तेवढा झाला.

मागच्या दाराने ती धक्क्यावर आली. वारा पडला होता. थोड्या वेळाने योरित आला, दोन हात अंतर ठेवून उभा राहिला.

"मंगळवारी मी बसणार नाही," ती म्हणाली. "तू सांगायचं, मी ऐकेन. वीआर्दा बाईंकडे मला घेऊन चल. एकटीने जाववणार नाही."

"चालेल."

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही."

"ठीक आहे."

तिने फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. आफ्केने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. "मज्जातंतूंच्या डॉक्टरांना भेटायचं आहे. मला वास येत नाही. माझ्या वडिलांना कंपवात होता." हे तिने एका दमात म्हटलं. मुलीने विचारलं, केव्हापासून येत नाही, आणि एकदम गेला की हळूहळू? आफ्केने तोंड उघडलं. तिला सांगता येईना. आपल्या आयुष्यातली ही एक गोष्ट तिच्याजवळ नव्हतीच. तिने फोन कानापासून काढला आणि योरितपुढे धरला. "तू सांग."

त्याने फोन घेतला. नमस्कार म्हणाला, पलीकडचं ऐकलं, मग हाताने फोन झाकून तिच्याकडे पाहिलं. "विचारताहेत, मी तुझा कोण."

"घरचा म्हण," आफ्के म्हणाली.

तो तसं म्हणाला. मग तो धक्क्यावर सावकाश येरझारा घालत सांगू लागला, आठवून आठवून, काही न गाळता: गेल्या डिसेंबरात सेंट निकोलसच्या सणाला ओव्हनमध्ये करपलेली मसाल्याची बिस्किटं, जी तिने एकटीने आवडीने खाल्ली होती, मग मधे नाक सुधारल्यासारखं वाटलं होतं, जानेवारीत एकदा तिने डिझेल ओळखलं होतं, मग फेब्रुवारी. ती त्याच्या शेजारून चालत ऐकत होती.